देठ तोडून पुन्हा जोडणे : पुनर्रचनेची सूक्ष्मशस्त्रक्रिया

वारणाकाठ (धागाकर्ता)

माझ्या धाकट्या मामांच्या खालच्या जबड्याचा डावा भाग गेल्या पावसाळ्यात कर्करोगामुळे काढावा लागला आणि त्याच शस्त्रक्रियेत त्यांच्या पायातले हाड काढून त्याचा नवा जबडा बसवण्यात आला. सकाळी साडेआठला त्यांना आत नेले आणि रात्री नऊच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. मधल्या वेळात आम्हा नातेवाइकांत एकच प्रश्न फिरत होता : पायातून काढलेले हाड तोंडात बसवले तर ते जगणार कशावर? मामी म्हणाल्या की, तोडलेली फांदी पाण्यात ठेवली तरी चार दिवसांत सुकते, मग हे तर हाड. त्या दिवशी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. नंतरच्या चार महिन्यांत डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून मला जे समजले ते येथे मांडतो आहे. चुकले असल्यास जाणकारांनी दुरुस्त करावे.

प्रथम हे सांगायला हवे की, भाजलेल्या जागेवर मांडीची कातडी लावतात ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. मांडीवरून काढलेला कातडीचा पापुद्रा इतका पातळ असतो की, पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो आणि तेवढ्यात जखमेतल्या केशवाहिन्या त्याच्यात शिरतात. हाड, स्नायू किंवा चरबीचा जाड तुकडा असा जगू शकत नाही. त्याला रक्त आणणारी धमनी आणि रक्त परत नेणारी शीर अशी स्वतःची जोडी लागते. या जोडीसकट उचललेल्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात आणि त्या जोडीला पेडिकल. मला पेडिकलसाठी ‘देठ’ हा शब्द चपखल वाटतो, कारण तुकडा जगणार की मरणार हे देठावरच ठरते.

पूर्वीच्या सर्व पद्धतींत देठ तोडायचा नाही हा नियम होता. त्यामुळे देठ जितका लांब तितकीच तुकड्याची धाव. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील सिडकप येथे हॅरोल्ड गिलीज यांनी १९१७ पासून जे काम केले, त्यात छातीवरच्या कातडीची दोन्ही टोकांना जोडलेली नळी करून ती टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत नेली जाई. दर टप्प्याला आठवडे लागत आणि रुग्णाने तोपर्यंत ती नळी अंगावर वागवायची. आज देठ कापतात, तुकडा शरीराच्या दुसऱ्या टोकाला नेतात आणि तिथल्या धमनीला व शिरेला तो देठ सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. मामांचे हाड पायातून निघून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडले जाईपर्यंत काही तासच गेले.

जे हाड काढले ते पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला. शरीराचा भार मुख्यतः शेजारचे जाड हाड पेलते, त्यामुळे घोट्याजवळचा सहा ते आठ सेंटिमीटरचा भाग आणि गुडघ्याजवळचा भाग राखून मधले हाड काढले तरी माणूस चालू शकतो. या हाडाच्या कडेने एक धमनी संपूर्ण लांबीभर जाते आणि हाडावरच्या पातळ आवरणाला जागोजागी रक्त पुरवते. म्हणूनच हाडाचे दोन-तीन तुकडे करून त्याला जबड्याचा बाक दिला तरी, आवरण शाबूत असेल तर प्रत्येक तुकडा जिवंत राहतो. मेलबर्नच्या इयन टेलर यांनी १९७५ मध्ये हे हाड प्रथम रक्तवाहिन्यांसह पायाच्या दुखापतीसाठी हलवले आणि जबड्यासाठी त्याचा वापर न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. मामांच्या वेळी आधी सीटी स्कॅनवरून संगणकावर जबडा आखला, हाड कुठे आणि किती कोनात कापायचे याचे प्लास्टिकचे साचे त्रिमितीय छपाई यंत्रावर काढले आणि टायटॅनियमची पट्टी आधीच वाकवून ठेवली होती. ‘प्लास्टिक सर्जरी’त मी पाहिलेले प्लास्टिक तेवढेच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे असा आहे, हे बहुतेकांना माहीत असेलच.

एक विनंती आहे. येथे कोणत्याही डॉक्टरांची वा रुग्णालयांची शिफारस किंवा तक्रार नावाने करू नये. विषय तंत्राचा आणि अनुभवाचा ठेवूया.

पेठकर_वाचक

लेख आवडला. ‘देठ’ या शब्दावरून पुण्याजवळच घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण जगाच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ती नेहमी सांगितली जाते आणि आपल्याकडे मात्र ती ‘सुश्रुतांच्या काळात सर्व काही होते’ या एका वाक्यात गुंडाळली जाते.

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. त्यात कावसजी नावाच्या, इंग्रज सैन्यात बैल हाकणाऱ्या एका मराठा शेतकऱ्याची हकिकत आहे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. अशी शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे.

कृती अशी होती : मेणाचा पातळ पत्रा घेऊन कापलेल्या नाकावर बसेल असे नाक घडवायचे, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोलायची, मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि नाकाच्या जागी ताज्या केलेल्या जखमेत तिची कड बसवायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. सुमारे २५ व्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची. जुन्या व नव्या भागाचा सांधा जुळेपर्यंत ही पट्टी रक्ताभिसरण चालू ठेवते, असे स्पष्ट वाक्य त्या पत्रात आहे. म्हणजे धागाकर्त्यांचा देठ तो हाच.

हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी अनेक वर्षे तयारी केली आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घेण्याची रीत आहे, कपाळाची नाही. त्यामुळे ही कपाळाची रीत ग्रंथाबाहेर, कारागिरांच्या हातांतून चालत आली असावी असे मला वाटते. पानाच्या तबकातला काथ शल्यकर्मात चिकटपट्टीचे काम करत होता, हे मला नाकापेक्षाही अधिक रंजक वाटते. त्या विटा पाडणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणी टिपून ठेवलेले नाही.

चिमटा_आणि_सुई

मी प्लास्टिक सर्जन आहे, नाव सांगत नाही. धागाकर्त्यांनी मांडलेले बहुतेक बरोबर आहे. कपाळाचा तो फ्लॅप आम्ही आजही वापरतो आणि नाकाच्या मोठ्या पुनर्रचनेसाठी त्याहून चांगली कातडी अजून सापडलेली नाही. देठही साधारण तीन आठवड्यांनीच कापतो. त्यामुळे नवे तंत्र आले म्हणजे जुने बाद झाले, असे या शास्त्रात घडत नाही.

देठ कापून पुन्हा शिवण्याची विद्या कशी आली ते थोडक्यात सांगतो. रक्तवाहिनी शिवताना मुख्य अडचण अशी की, नळीच्या तोंडाला टाका घालताना सुई समोरच्या भिंतीत अडकली तर नळी बंद होते, आणि आतल्या अस्तराला इजा झाली तर तिथे रक्ताची गुठळी धरते. फ्रान्सच्या ल्यों शहरात अलेक्सी कॅरेल यांनी १९०२ मध्ये यावर सोपी युक्ती काढली. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ते ताणले की वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि प्रत्येक बाजू सरळ रेषेत शिवता येते. त्यांनी सुईकाम तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिकून घेतले होते, असे सांगतात. त्यांना १९१२ मध्ये नोबेल मिळाले. पण तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक नळी नुसत्या डोळ्यांनी भरवशाने शिवता येत नव्हती. अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये जूलियस जेकबसन आणि अर्नेस्टो स्वारेझ यांनी १९६० मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक उचलून आणला आणि दीड मिलिमीटरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या शिवून दाखवल्या. जेकबसन यांना असे आढळले की हात अपुरे पडत नव्हते, डोळे अपुरे पडत होते. मला स्वतःला विद्यार्थिदशेत याची प्रचिती आली. दहापट मोठे दिसू लागले की हात आपोआप लहान हालचाली करतो.

पुढची वाटचाल वेगाने झाली. बॉस्टनमध्ये १९६२ साली मालगाडीच्या अपघातात तुटलेला एका मुलाचा संपूर्ण हात पुन्हा जोडला गेला, १९६३ मध्ये शांघायच्या चेन चुंगवेई यांनी मनगटाच्या वर तुटलेला कामगाराचा हात जोडला, आणि जुलै १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. अंगठ्याच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक मिलिमीटरच्या असतात. १९७३ मध्ये मेलबर्नला डॅनियल आणि टेलर यांनी जांघेतल्या कातडीचा तुकडा देठ तोडून पायावर नेला. तेव्हापासून शरीराचा नकाशाच नव्याने काढला गेला. कुठल्या धमनीचे रक्त कातडीच्या कुठल्या पट्ट्याला जाते, हे टेलर आणि पामर यांनी मृतदेहांच्या रक्तवाहिन्यांत शिशाचे संयुग भरून व क्ष-किरण छायाचित्रे काढून १९८७ मध्ये मांडले. त्यामुळे आज आम्ही स्नायू न घेता, स्नायूतून वर येणारी एकच बारीक धमनी सोलून केवळ कातडी व चरबी उचलू शकतो. स्तनाच्या कर्करोगानंतर पोटाच्या चरबीतून नवा स्तन करताना पोटाचा स्नायू वाचतो तो यामुळेच.

आता शिवण्याविषयी. आम्ही ज्याला ‘टेन-ओ’ म्हणतो तो नायलॉनचा धागा केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. टेबलावर पडला तर सापडत नाही, म्हणून सिस्टर निळ्या कापडावर धरतात. दोन मिलिमीटरच्या धमनीला आठ ते दहा टाके लागतात, शिरेसाठी हल्ली पुष्कळ ठिकाणी जोडकड्या, म्हणजे दोन टोके एकमेकांत अडकवणाऱ्या बारीक कड्या, वापरतात. हे सर्व आधी प्रयोगशाळेत उंदरावर शिकवतात, आणि त्याच्याही आधी खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीवर. कोंबडीच्या मांडीतली धमनी माणसाच्या बोटातल्या धमनीच्या जवळपास जाते. माझ्या शिक्षणाच्या वर्षांत घरी रोज तंगड्या शिजत असत आणि आईला वाटे की मुलाला कोंबडी फार आवडू लागली.

उसाचा_फड

माहिती उत्तम आहे, परंतु आमच्या भागातील प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे दर हंगामात एखाद्याचा हात कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात किंवा रसवंतीच्या चरकात जातो. तुटलेले बोट लोक कधी बर्फात टाकून आणतात, कधी हळद भरून फडक्यात बांधतात आणि कधी तिथेच टाकून देतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजाऱ्यांचा अंगठा गेला तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात टाके घालून जखम बंद केली आणि अंगठा पिशवीत तसाच परत दिला. जोडता येतो हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. जिल्ह्याचे ठिकाण दोन तासांवर आहे. अशा वेळी नेमके काय करावे, आणि दोन तासांचे अंतर फार होते का?

चिमटा_आणि_सुई

दोन तास फार होत नाहीत. बोटात स्नायू जवळजवळ नसतो आणि रक्ताविना सर्वांत लवकर मरतो तो स्नायू. त्यामुळे तुटलेले बोट साध्या तापमानातही सुमारे बारा तास आणि नीट थंड ठेवल्यास चोवीस तासांपर्यंत जोडण्याजोगे राहते. मनगटाच्या वर, दंडात वा कोपराजवळ तुटले असेल तर मात्र स्नायू भरपूर असतात आणि थंड न ठेवल्यास हाताशी सुमारे सहा तासच उरतात. त्यातले दोन प्रवासात गेले तरी चालतात, चार गेले तर अवघड होते.

तुटलेला भाग स्वच्छ सलाईनने किंवा तेही नसल्यास पिण्याच्या पाण्याने हलकेच धुवावा, सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये किंवा स्वच्छ सुती कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या कोरड्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागता कामा नये, कारण पेशींतले पाणी गोठले की रक्तवाहिनीचे अस्तर फाटते आणि मग ती शिवून उपयोग नसतो. हळद, चुना, स्पिरिट, काहीही लावू नये. हाताच्या जखमेवर दाबपट्टी बांधून हात उंच धरावा. रक्त थांबवण्यासाठी आत चिमटे लावू नयेत, कारण ज्या धमनीला चिमटा लागतो तीच आम्हाला शिवायची असते. तुकडा कितीही वाईट दिसला तरी बरोबर आणावा. जोडता आला नाही तरी त्याची कातडी, हाड किंवा मज्जातंतू शेजारच्या बोटासाठी कामी येतात.

प्रत्येक तुटलेले बोट जोडावे असेही नाही. कडबाकुट्टीचा पात्यासारखा सरळ काप असेल तर शक्यता चांगली. चरकात चेंगरलेले किंवा ओढून उपटले गेलेले बोट असेल तर रक्तवाहिन्या आतून लांबवर फाटलेल्या असतात आणि काही वेळा न जोडणे हाच प्रामाणिक सल्ला असतो. मजुरी करणाऱ्या माणसाचे एकच बोट, तेही करंगळी किंवा तर्जनी मधल्या पेरातून गेली असेल, तर जोडलेले ताठ बोट कामात आड येते आणि तीन महिने रोजगार बुडतो तो वेगळाच. अंगठा मात्र शक्य तोवर जोडावाच, आणि लहान मुलांचे कोणतेही बोट. हाताच्या कामाचा सुमारे चाळीस टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा मानतात.

आपल्या शेजाऱ्यांसाठी अजूनही मार्ग आहे. पायाचे बोट हाताच्या अंगठ्याच्या जागी बसवतात. चीनमध्ये १९६६ साली पायाचे दुसरे बोट आणि इंग्लंडमध्ये १९६८ साली जॉन कॉबेट यांनी पायाचा अंगठा असा हलवला. अपघातानंतर वर्षे उलटली तरी हे करता येते. लोकांना पायाचे बोट हाताला ही कल्पना प्रथम विचित्र वाटते. पण विळा धरता येऊ लागल्यावर कोणी त्याबद्दल बोलत नाही.

रात्रपाळी

मी बावीस वर्षे परिचारिका होते, त्यातील नऊ वर्षे प्लास्टिक सर्जरीच्या विभागात. येथे सर्व चर्चा शिवण्याची चालली आहे, म्हणून शिवून झाल्यानंतरचे लिहिते.

फ्लॅप बसवून रुग्ण आयसीयूत आला की पहिले दोन दिवस दर तासाला तो पाहावा लागतो, तिसऱ्या दिवसापासून थोडे अंतर वाढते. गुठळी धरायची असेल तर ती बहुधा याच काळात धरते. बोटाने हलके दाबून सोडले की पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. फ्लॅप फिकट, गार आणि दाबल्यावर रंग न परतणारा झाला तर धमनी बंद. निळसर, फुगलेला आणि दाबल्यावर क्षणात रंग परतणारा झाला तर शीर बंद. नवख्या मुली या दुसऱ्या प्रकाराला फसतात, कारण रंग झटकन परत आला की त्यांना चांगलेच लक्षण वाटते. शंका आली की सुई टोचून पाहायचे. लालभडक थेंब यावा. काळपट रक्त भराभर आले किंवा काहीच आले नाही, तर डॉक्टरांना झोपेतून उठवायचे, मग पहाटेचे तीन का असेनात. वेळेत ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, नेऊन सांधा उघडला तर पुष्कळ फ्लॅप वाचतात, सहा तास दवडले तर फारसे वाचत नाहीत.

जबड्याच्या रुग्णात देठ मानेत असतो. गळ्यात श्वासाची नळी घातलेली असेल तर ती बांधण्याची नाडी मानेभोवती आवळायची नाही, ती टाक्यांनी कातडीलाच शिवलेली असते. आमच्याकडे पलंगाच्या डोक्याशी ‘मानेभोवती काहीही बांधू नये’ असा कागद चिकटवलेला असे आणि तरीही एका रात्री भेटायला आलेल्या आजींनी नातवाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधलाच. तासाभराने फ्लॅप निळा दिसला. दोरा तोडल्यावर पंधरा मिनिटांत रंग सुधारला. आजींना मी काही बोलले नाही, पण त्यानंतर गळा प्रत्येक वेळी हाताने चाचपून पाहू लागले.

तोडलेल्या बोटाच्या टोकाला कधी धमनी शिवता येते पण शीर इतकी बारीक असते की जोडता येत नाही. रक्त आत येते आणि बाहेर जायला वाट नसते. अशा वेळी जळवा लावतात. जळू रक्त ओढते आणि तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळे तोंड सुटल्यानंतरही जखम काही तास पाझरत राहते. तोवर बोट स्वतःच्या नव्या बारीक शिरा तयार करते. जळवांच्या पोटातल्या जिवाणूंमुळे प्रतिजैविके द्यावीच लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये जळूला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली, तेव्हा आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या होत्या, ‘आता स्टॉक रजिस्टरमध्ये जळवांचा कॉलम आखा.’

शंकासुर

सर्व वाचले. एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मावा, गुटखा, मशेरीमुळे इतके आहेत की मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. एका रुग्णासाठी बारा तास ओटी अडवणे, दोन तुकड्या सर्जन, सूक्ष्मदर्शक, आयसीयू, ही चैन परवडणारी आहे का? तेवढ्या वेळात तीन रुग्णांचा कर्करोग काढता आला असता.

चिमटा_आणि_सुई

राग मानण्यासारखे काही नाही, हा प्रश्न आम्ही रोज स्वतःला विचारतो. म्हणूनच छातीच्या स्नायूचा फ्लॅप आपल्याकडे आजही जोरात चालतो. अमेरिकेच्या स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. छातीचा स्नायू कातडीसकट देठावर उचलून, गळपट्टीच्या हाडावरून वर तोंडात नेतात. देठ तोडायचा नाही, सूक्ष्मदर्शक नको, तासा-दीड तासाचे काम. गालाचा आतला भाग किंवा जबड्याचा मागचा तुकडा गेला असेल, रुग्ण वृद्ध असेल, रेडिएशन लवकर सुरू करायचे असेल, तर मी स्वतः हाच फ्लॅप निवडतो.

परंतु जबड्याचा पुढचा, हनुवटीचा भाग गेला आणि तिथे हाड बसवले नाही तर खालचा ओठ लोंबतो, लाळ अखंड गळते, जीभ मागे पडते आणि माणूस चारचौघांत बसणे सोडतो. त्या माणसाचा कर्करोग बरा झाला असे कागदावर लिहिता येते. तो चहाच्या टपरीवर पुन्हा उभा राहत नाही. अशा रुग्णासाठी पायाचे हाड ही चैन नव्हे. प्रश्न कोणाला कोणता फ्लॅप द्यायचा याचा आहे आणि तो ओटीच्या दारात नव्हे, आधीच्या बैठकीत सुटायला हवा. सरकारी योजनेत कोणते पॅकेज बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे. पुनर्रचनेचा खर्च वेगळा धरला जातो की एकत्र, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

हेही लक्षात घ्यावे की पुनर्रचनेची शस्त्रक्रिया आपल्याकडे श्रीमंतांच्या चेहऱ्यापासून सुरू झालेली नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५० च्या दशकात या शाखेचा विभाग उभा केला, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरुग्णांच्या बसलेल्या नाकांवर व वाकड्या बोटांवर वर्षानुवर्षे काम केले. ज्या रुग्णांना इतर वॉर्डांत कोणी घेत नव्हते त्यांच्यावर.

सातारारोड

वर मज्जातंतूंचा उल्लेख ओझरता आला आहे. त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माझ्या धाकट्या भावाचे एक वर्ष अज्ञानात वाया गेले असते.

तो दुचाकीवरून पडला, डोके शिरस्त्राणामुळे वाचले, पण मान एकीकडे व खांदा दुसरीकडे ओढला गेला आणि उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. हाड मोडलेले नव्हते. गावात कोणी म्हणाले लकवा आहे, कोणी म्हणाले नस दबली आहे, मालिश करा. मराठीत आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. एका डॉक्टरांनी दीड वर्ष वाट पाहा, हात आपोआप येईल असे सांगितले. पाचव्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी दाखवले तेव्हा कळले की मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे फाटले होते आणि दीड वर्ष थांबलो असतो तर काही करण्यासारखे उरले नसते.

कारण असे सांगितले की मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. तो स्नायूपर्यंत पोहोचेपर्यंत स्नायू संदेशाविना वाळत जातो आणि बारा ते अठरा महिन्यांनंतर त्याला तंतू मिळाला तरी तो हलत नाही. त्यामुळे मानेपासून नवा तंतू वाढवत आणण्याऐवजी जवळचाच एखादा चालू तंतू उसना घेतात. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी १९९४ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूतील एक जुडगा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा करून दंडाच्या स्नायूच्या तंतूला जोडतात. भावाचा पंजा थोडाफार हलत होता म्हणून हे शक्य झाले. पंजाच्या कामात जाणवण्यासारखी उणीव राहिली नाही.

पाच महिन्यांनी दंडाच्या स्नायूत पहिली थरथर दिसली. सुरुवातीला कोपर वाकवायचे असेल तर त्याला मूठ आवळावी लागे, कारण मेंदूच्या लेखी तो तंतू अजून पंजाचाच होता. वर्षभराच्या व्यायामानंतर मेंदूने नवा पत्ता लक्षात ठेवला. आता तो पाण्याची भरलेली कळशी उचलतो. खांदा मात्र पूर्ण वर जात नाही.

आसावरी

स्तनाच्या कर्करोगानंतर माझा डावा हात सुजत असे. काखेतल्या गाठी काढल्यामुळे लसिकेचा, म्हणजे रक्तवाहिन्यांबाहेर पाझरलेल्या पाणीदार द्रवाचा, निचरा थांबतो, असे सांगितले होते. जपानच्या इसाओ कोशिमा यांनी विकसित केलेल्या पद्धतीने माझ्या मनगटाजवळच्या व कोपराजवळच्या लसिकावाहिन्या शिरांना जोडल्या. या वाहिन्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात आणि डोळ्यांना दिसतच नाहीत. हिरव्या रंगाचे द्रव्य टोचून विशेष कॅमेऱ्याने त्या आधी शोधतात. शस्त्रक्रिया जागेपणी, केवळ बधिर करून झाली. सूज पूर्ण गेली नाही, पण हाताला वारंवार येणारा ताप व लाली थांबली. दाबाचा मोजा अजूनही घालते.

विदर्भातील हत्तीरोगाच्या रुग्णांना याचा उपयोग होतो का, असे मी विचारले होते. सुरुवातीच्या अवस्थेत होऊ शकतो, पाय दगडासारखा कडक झाल्यावर फारसा नाही, असे उत्तर मिळाले.

शंकासुर

आणि दुसऱ्याचे हात जोडतात ते? कोचीला जाऊन दोन्ही हात मिळवून आलेल्या पुण्याच्या मुलीबद्दल वाचले होते. यंत्रमानवही शिवतो म्हणतात.

चिमटा_आणि_सुई

होय. पहिले यशस्वी हस्तप्रत्यारोपण म्हणून १९९८ मधील ल्योंची शस्त्रक्रिया सांगतात. मात्र त्या रुग्णाने पुढे औषधे बंद केली आणि २००१ मध्ये तो हात काढावा लागला. भारतात कोचीच्या अमृता रुग्णालयात २०१५ मध्ये सुरुवात झाली, तिथेच २०१७ मध्ये पुण्याच्या त्या विद्यार्थिनीला दंडापासूनचे हात मिळाले आणि मुंबईत २०२० मध्ये लोकल अपघातात हात गमावलेल्या तरुणीवर अशी शस्त्रक्रिया झाली. शिवणकामाच्या दृष्टीने त्यात आम्हाला अपरिचित असे काही नाही. अवघड आहे ते आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणे, मूत्रपिंड सांभाळणे आणि दात्याच्या कुटुंबाने हात देण्यास होकार देणे. मूत्रपिंड दिलेले दिसत नाही. हात दिलेले दिसतात.

यंत्रमानवाबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे लसिकावाहिन्या शिवण्यासाठी तो वापरला गेला आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताचा कंप तो गाळून टाकतो, पण वेळ जास्त लागतो. आम्हाला आज अधिक गरज आहे ती रात्री दर तासाला फ्लॅप पाहणाऱ्या परिचारिकांची.

वारणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रात्रपाळी ताई, दर तासाला सुई टोचणाऱ्या सिस्टरांवर मामा चिडत असत, त्याचे कारण आता त्यांना वाचून दाखवले.

एक शेवटचा प्रश्न आहे आणि तो विचारायला मामांना संकोच वाटतो. जबड्याबरोबर पायाच्या कातडीचा एक तुकडाही तोंडाच्या आत बसवला आहे. त्यावर केस उगवत आहेत. जेवताना जिभेला लागतात. हे काही बिघडल्याचे लक्षण आहे का?

चिमटा_आणि_सुई

बिघडल्याचे नव्हे, फ्लॅप उत्तम जगल्याचे लक्षण आहे. कातडी कुठेही नेली तरी ती आपला मूळ स्वभाव सोडत नाही. पायाची कातडी तोंडातही पायाचीच राहते. रेडिएशन दिले तर केस बहुधा गळून जातात. तोवर छोट्या बोथट टोकाच्या कात्रीने कापावेत, उपटू नयेत आणि वस्तरा अजिबात वापरू नये. त्या भागाला अजून संवेदना नसते, त्यामुळे कापले गेले तरी समजणार नाही. आरशासमोर, उजेडात, दुसऱ्या कोणाच्या तरी मदतीने करावे. दात बसवायचे असतील तर रेडिएशननंतर किती महिन्यांनी, ते पुढच्या भेटीत जरूर विचारा.

वारणाकाठ (धागाकर्ता)

सांगितले. मामींनी शिवणाच्या डब्यातली कात्री काढली होती, ती परत ठेवायला लावून बोथट टोकाची आणायला सांगितली आहे.